सुनीतच्या जागी कोण आलं?

आषाढी पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात ग्रंथवाचन सुरू होतं आणि अश्विन पौर्णिमेला संपतं. वऱ्हाडात, मराठवाड्यात, मुंबईच्या चाळींत, जिथं जिथं बौद्ध वस्ती आहे तिथं वर्षावासाच्या संध्याकाळी अशाच जातात. मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं, त्रिशरण-पंचशील, वंदना, भीमस्तुती आणि मग बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. लहानपणी मी हा ग्रंथ आईच्या मांडीवर झोपून ऐकला, पुढे महिला मंडळात बसून ऐकला. एका वर्षी मात्र तो वाचायचं काम माझ्याकडे आलं. आमचे नेहमीचे वाचक, निवृत्त गुरुजी, यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचतो, म्हणून विहार समितीनं माझं नाव घेतलं. त्या तीन महिन्यांत काय घडलं ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

वर्षावास ही मुळात चालणाऱ्या माणसांनी थांबायची रीत. भिक्खू बारा महिने फिरत. पावसात ते कोवळी पिकं तुडवतात, बारीकसारीक जीव त्यांच्या पायाखाली मरतात, अशी लोकांची तक्रार बुद्धांच्या कानावर आली आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचा नियम झाला. नियम लोकांच्या तक्रारीतून आला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शेतकऱ्यानं बोट दाखवलं आणि भिक्खूंच्या संघानं ऐकलं.

त्या वर्षी आमच्याकडे एक भंतेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, वर्षावासाला आले होते. घराघरांनी भोजनदानाच्या पाळ्या वाटून घेतल्या. दुपारी बाराच्या आत त्यांचं जेवण व्हायला हवं, म्हणून कामावर जाणाऱ्या बाया पहाटेच उठून स्वयंपाक करत. भंतेजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं की वाचनाआधी थोडा वेळ आनापान करायचं, नाकातून येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. सुरुवातीला पोरं खुदखुदायची, म्हातारी माणसं पेंगायची. कॉलेजात जाणाऱ्या एका तरुणानं उघडच विचारलं, “भंतेजी, डोळे मिटून बसायला लावणारे आम्हाला खूप भेटतात. बाबासाहेबांनी संघर्ष करायला सांगितला. मग हे कशाला?”

हा प्रश्न आमच्या समाजात फार जुना आहे आणि खरा आहे. भंतेजी म्हणाले, “याचं उत्तर मी देत नाही. ग्रंथ वाचून होऊ द्या.”

बाबासाहेबांनी हा ग्रंथ आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत लिहिला. तो छापून आला 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. आठ खंड आहेत आणि वाक्यांना क्रमांक आहेत, त्यामुळे वाचताना कुठं थांबलो ते लगेच सापडतं. आमच्या वस्तीतल्या एका आजीला अक्षर ओळखता येत नाही, पण वर्षानुवर्षं ऐकून तिला पानंच्या पानं पाठ आहेत. माझी एखादी ओळ सुटली की ती भिंतीजवळून म्हणायची, “थांब माय, मधातलं राह्यलं.” आणि खरंच राहिलेलं असायचं. मी बीएड केलेली बाई, पण त्या तीन महिन्यांत माझी खरी परीक्षक तीच होती.

पहिल्या खंडातच रोहिणी नदीचं प्रकरण येतं. सिद्धार्थानं म्हातारा, आजारी माणूस, प्रेत आणि संन्यासी पाहिले आणि घर सोडलं, ही कथा बाबासाहेबांनी मानली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिलाच नसेल, हे त्यांना पटेना. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलिय यांचं रोहिणीच्या पाण्यावरून भांडण होतं, शाक्य संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो, मतदानात हरतो आणि परिव्रज्या, म्हणजे संन्यास, पत्करून बाहेर पडतो. पुढे दोन्ही गणांत समेट झाल्याची बातमी त्याला कळते, तरी तो परत फिरत नाही. देशादेशांतली भांडणं अधूनमधून होतात, वर्गावर्गातला झगडा मात्र रोजचा आहे आणि दुःखाचं मूळ तिथं आहे, असा विचार त्याच्या मनात येतो.

हे वाचत होते तेव्हा आमच्या वस्तीत मागची गल्ली आणि पुढची गल्ली यांचं बोअरच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं. आषाढ लागला तरी नळ काही दिवसांआड यायचा आणि बोअरची मोटर कोणी किती वेळ चालवायची यावरून दोन घरांत हाणामारीपर्यंत गेलं होतं. ‘रोहिणी’ म्हटल्याबरोबर बसलेल्यांत एक चुळबुळ झाली. दोन्ही गल्ल्यांतली माणसं समोर होती. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतला एक माणूस समितीकडे आला आणि मोटरची वेळ ठरवून द्या म्हणाला. वेळ ठरली. भांडण पुरतं मिटलं नाही, पण हाणामारी थांबली. त्या तरुणाच्या तोंडावर मला तेव्हा पहिल्यांदा थोडा विचार दिसला. घर सोडणं हीसुद्धा एका सार्वजनिक तंट्यातली भूमिका असू शकते, हे त्यानं याआधी ऐकलं असेल, पण दारातल्या बोअरशी जोडून ऐकलं नव्हतं.

उपोसथाच्या दिवशी, म्हणजे अष्टमी, अमावस्या आणि पौर्णिमेला, आम्ही काही जणी अष्टशील, म्हणजे दिवसभरासाठी आठ नियम, घ्यायचो. पांढरी साडी, दुपारनंतर जेवण नाही, दागिना नाही, गाणं-बजावणं नाही, झोपायला उंच पलंग नाही. शाळेत सहकारी विचारत, उपवास कोणाचा? कोणाचाच नाही, हे सांगायला वेळ लागायचा. त्यात देव नाही, नवस नाही, पुण्याचा हिशोब नाही. मला त्यातलं सगळ्यात अवघड काय वाटलं असेल तर भूक नव्हे, वाणी. खोटं न बोलणं एकवेळ जमतं. चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बोलणं हेही सम्यक वाचेत, म्हणजे योग्य बोलण्यात, बसत नाही, हे धरून एक दिवस काढून पाहावा. दुपारच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत माझ्याजवळ बोलायला जवळजवळ काही उरत नसे. मग मी ऐकू लागले. ऐकता ऐकता कळलं की आमच्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंचं मानधन रखडलं आहे आणि त्या कोणालाच ते सांगत नाहीत. आधी मीच बोलत असायचे, मग मला कळणार कसं?

दुसऱ्या खंडात धम्मदीक्षांच्या कथा येतात. पहिले पाच म्हणजे पंचवर्गीय भिक्खू, यश नावाचा तरुण, राजा बिंबिसार, व्यापारी अनाथपिंडिक. त्यानंतर दीनदुबळ्यांच्या दीक्षा येतात, त्यात उपाली न्हावी आहे, सुनीत झाडूवाला आहे, सोपाक आणि सुप्पिय आहेत. सुनीतचा प्रसंग आला त्या संध्याकाळी पाऊस धो धो लागला होता. आमच्या भागात रस्ता झाडणाऱ्या, नालीतला गाळ काढणाऱ्या एक कंत्राटी सफाई कामगार ताई आहेत. त्या आमच्या समाजाच्या नाहीत. संध्याकाळची पाळी संपवून पावसात विहाराच्या ओसरीवर त्या थांबायच्या, खराटा बाहेरच्या भिंतीला टेकवून. आजीनं त्यांना एकदा हाक मारली होती, “ओ बाई, भिजून काय रायली? आंधी ये.” तेव्हापासून त्या दाराच्या आत, सगळ्यांच्या मागे बसू लागल्या होत्या.

सुनीत राजगृहाचा. लोकांनी रस्त्यावर टाकलेला कचरा गोळा करायचा, टोपल्यांत भरायचा आणि कावडीनं वाहून न्यायचा. एका पहाटे भिक्खूसंघासह बुद्ध समोरून येताना त्याला दिसले. लपायला जागा नाही. त्यानं कावड भिंतीच्या कोपऱ्याला ठेवली आणि हात जोडून भिंतीला चिकटून उभा राहिला. बुद्ध त्याच्याजवळ थांबले, असं हे जगणं कशाला जगतोस, घर सोडून संघात येतोस का, असं त्यांनी विचारलं. सुनीत भिक्खू झाला. भंतेजींनी पुढे सांगितलं की थेरगाथेत, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या गाथांच्या संग्रहात, त्याच्या स्वतःच्या गाथा आहेत. मी नीच कुळात जन्मलो, गरीब होतो, सुकलेली फुलं फेकायचं काम करत होतो, असं तो तिथं आपल्या तोंडानं सांगतो.

वाचन संपलं. भंतेजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाला काही शंका? सहसा कोणी बोलत नाही. त्या दिवशी मागून त्या ताई म्हणाल्या, “ते सुनीत तर गेले महाराजांसंगं. मग त्यायच्या जागी झाडायले कोण आलं?”

मी इतकी वर्षं हा प्रसंग ऐकला आहे. भाषणांत ऐकला, लेखांत वाचला. हा प्रश्न मी कुठं वाचला नव्हता, माझ्या मनातही कधी आला नव्हता. आम्हाला सुनीत वर उठलेला दिसतो, आनंद होतो, आम्ही ‘साधु साधु’ म्हणतो. त्या ताई रोज उठून झाडतात, म्हणून त्यांना मागे राहिलेली कावड दिसली.

भंतेजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “राजगृहात कोण आलं ते ग्रंथात नाही. पण संघात काय झालं ते सांगतो. संघात झाडायला वेगळा माणूस नव्हता. राजपुत्र भिक्खू झाला तरी विहार त्यालाच झाडायचा, ते विनयातलं, भिक्खूंच्या नियमांतलं, कर्तव्य आहे. म्हणजे सुनीतनं झाडू सोडला असं झालं नाही, झाडू सगळ्यांच्या हातात गेला.”

त्यावर कोणीतरी पाळी लावायची सूचना केली. विहाराचं अंगण आणि समोरची गल्ली वस्तीतल्या घरांनी आळीपाळीनं झाडायची, बाया आणि पुरुष दोघांनी. बाया लगेच हो म्हणाल्या. आयुष्यभर त्याच झाडत आल्या आहेत, त्यांना त्यात नवीन काही नव्हतं. पुरुषांत शांतता पसरली. आणि मग ऐंशीच्या पुढचे एक बाबा उठले. त्यांचा आवाज थरथरत होता. “माह्या बापानं मेलेलं ढोर ओढनं सोडलं. गावानं वाळीत टाकलं, पान्याले मोताद केलं, तरी त्यानं पुन्हा हात लावला नाही. आता तुमी म्हनता का नातवाच्या हाती खराटा देऊ?”

याला हलकं समजू नये. 1927 च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं मागणं सोडा असं सांगितलं. गावोगावच्या माणसांनी ते करून दाखवलं आणि त्यासाठी मार खाल्ला, उपास काढले. घाणीचं काम सोडणं हाच ज्यांच्या घरात मुक्तीचा पहिला अनुभव आहे, त्यांना पुन्हा झाडू घ्या म्हणणं सोपं नाही. जन्मानं लादलेलं काम आणि आपल्या मर्जीनं सगळ्यांनी वाटून घेतलेलं काम यांत फरक आहे, असं मी बाबांना म्हणाले. तो फरक आजही मला खरा वाटतो. पण तो फरक मी शाळेत शिकून कमावला, बाबांनी त्याची किंमत मोजली. मी त्यापुढे वाद घातला नाही. पाळी लागली, बाबांच्या घराचं नाव त्यांच्या मुलानं घातलं.

खरी शिकवण पाळीच्या पहिल्या आठवड्यात मिळाली, आणि ती त्या ताईंनी दिली. झाडण्याचा त्रास नाही, त्या म्हणाल्या. त्रास होतो तो फुटलेल्या काचेचा, आणि पन्नीत गुंडाळून नालीत टाकलेल्या पॅडचा. हातमोजे नाहीत, गाळात हात घातला की काय लागेल सांगता येत नाही. पुरुष मान खाली घालून उभे होते, बायाही. महिला मंडळानं घरोघरी जाऊन सांगितलं. काच वेगळ्या डब्यात, पॅड कागदात गुंडाळून लाल खूण करून, नालीत काही नाही, सगळं घंटागाडीत. दहातल्या सात-आठ घरांनी ऐकलं असेल. मागच्या वर्षीपर्यंत आम्ही पंचशिलातलं पहिलं शील प्राणीहत्येपुरतंच धरत होतो. दुसऱ्याच्या हाताला आपली काच लागू न देणं त्यातच येतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

भाद्रपदात तिसरा खंड लागला. पोळा झाला, गणपती बसले, वस्तीबाहेर मांडव लागले, सोयाबीनमधल्या फवारण्यांनी माणसं दमून यायची, विहारातली गर्दी ओसरली. अशा एका रोडावलेल्या संध्याकाळी मी ‘अधम्म म्हणजे काय’ हा भाग वाचला. ईश्वरावर विश्वास धम्म नाही, आत्म्यावर विश्वास धम्म नाही, यज्ञयाग धम्म नाही. आणि पुढे, धर्मग्रंथांचं नुसतं वाचन म्हणजे धम्म नाही, धर्मग्रंथ चुकूच शकत नाहीत असं मानणं म्हणजेही धम्म नाही. फुलं वाहिलेल्या चौरंगावर ठेवलेला, रोज वंदन करून उघडलेला ग्रंथ स्वतःच्या तोंडानं हे सांगतो. मी तो भाग दोनदा वाचला. आपल्या लेखणीनं असं लिहून ठेवणारा माणूस आपल्याला लाभला, याचा मला त्या क्षणी जो अभिमान वाटला तो जयंतीच्या मिरवणुकीतही कधी वाटला नाही. आपल्याकडे लोक ग्रंथाची पालखी काढतात. त्यांनी काढू नये असं मी म्हणत नाही, पण हे पान पालखीत बसत नाही.

दसऱ्याला निम्मी वस्ती नागपूरला गेली. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तो अशोक विजयादशमीचा दिवस, दीक्षाभूमी, रेल्वेत उभं राहायला जागा नसते. जे गेले नाहीत त्यांनी विहारात त्या दीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या. नववी, सर्व माणसं समान आहेत असं मी मानतो. दहावी, समता स्थापन करण्याचा मी प्रयत्न करीन.

त्या आठवड्यात आठवा खंड वाचून झाला. त्यात आजारी भिक्खूचा प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नसे, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला पाणी आणायला सांगितलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदानं अंग पुसलं, दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवलं. मग संघाला बोलावून ते म्हणाले की तुमची काळजी घ्यायला इथं आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी. तो कॉलेजातला तरुण वाचन संपल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मॅडम, त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे.” तो तेव्हा रोज आनापानाला पहिल्या ओळीत बसत होता. डोळे मिटल्यानं माणूस थंड पडतो, हे त्याचं म्हणणं त्यानं मागे घेतलं असं नाही. आपलं रक्त कुठं तापतं आणि कुठं उगाच तापतं हे बसल्यावर कळतं, एवढंच तो म्हणाला.

वर्षावासाच्या शेवटी भिक्खू पवारणा करतात. तीन महिने एकत्र राहिल्यावर प्रत्येकानं संघासमोर हात जोडून म्हणायचं की माझा काही दोष तुम्हाला दिसला असेल, तुमच्या ऐकण्यात आला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर माझ्यावर करुणा करून सांगा, मला दिसला की मी तो दुरुस्त करीन. थेरांपासून सुरुवात होते, ज्येष्ठ आधी विचारतो. आमच्याकडे अश्विन पौर्णिमेला समारोप, खीरदान, भाषणं होतात, ही गोष्ट होत नाही. भंतेजी म्हणाले, पवारणा भिक्खूंची आहे, पण गृहस्थांनी एकमेकांना असं विचारायला काहीच हरकत नाही. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गोल बसलो. सगळ्यांत आधी भंतेजींनी स्वतः विचारलं. एका बाईंनी भीत भीत सांगितलं की भोजनदानाला तुम्ही श्रीमंत घरात जास्त वेळ बसता. भंतेजींनी हात जोडले, काही खुलासा केला नाही. त्यामुळे पुढचं शक्य झालं.

समिती अध्यक्षांच्या हिशोबाबद्दल बोललं गेलं. बोअरच्या मोटरबद्दल बोललं गेलं. एका सुनेनं सासूसमोर पहिल्यांदा तोंड उघडलं. आणि मग विहार समितीनं सगळ्यांच्या वतीनं विचारलं, विहाराचा काही दोष कोणाला दिसला का? त्या सफाईच्या ताईंकडे आजीनं पाहिलं. त्या म्हणाल्या, “च्या देता तुमी, रोज देता. सगळ्याले स्टीलचा कप. मले कागदाचा.”

कोणीतरी लगेच म्हणालं की त्या उशिरा यायच्या, कप संपलेले असायचे, मुद्दाम नव्हतं. आजीनं हात वर करून थांबवलं. “समजवू नका. आयकून घ्या.”

ते मुद्दाम नसेलही. पण चवदार तळ्याच्या पाण्यासाठी ज्यांचे आजे-पणजे महाडला चालत गेले, त्यांच्या विहारात हे झालं. नववी आणि दहावी प्रतिज्ञा घेऊन आठवडासुद्धा उलटला नव्हता. ध्यान, वाचन, अष्टशील, पांढरी साडी, सगळं नीट चाललेलं असताना ते आम्हा कोणालाच दिसलं नव्हतं. स्वतःच्या आत कितीही खोल पाहिलं तरी काही गोष्टी समोरच्या माणसानं सांगितल्याशिवाय दिसत नाहीत. संघ कशासाठी लागतो, शरण जाताना बुद्ध आणि धम्माबरोबर त्याचं नाव का घेतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी खीर त्या ताईंनी वाढली. आजीनं पहिली वाटी घेतली. बाबाही आले होते. त्यांनी खराटा हातात घेतला नाही, आजही घेत नाहीत, आणि मी त्यांना तसं म्हणतही नाही. खीर मात्र त्यांनी घेतली आणि ताईंना शेजारी बसवून त्यांच्या गावाचं, सासर-माहेराचं विचारत राहिले.

पुढच्या महिन्यात कठीण चीवरदान, म्हणजे भिक्खूंना वस्त्र देण्याचा समारंभ, झालं, भंतेजी चारिकेला, पुन्हा फिरतीला, निघाले. वाचन रोजचं थांबलं, पण रविवारी आम्ही बसतो. गुरुजींचे डोळे बरे झाले तरी ते म्हणाले, आता मुलींनी वाचावं, त्यामुळे नववी-दहावीच्या मुली आळीपाळीनं वाचतात आणि आजी त्यांनाही थांबवते. वस्तीतल्या लोकांच्या सह्या घेऊन आम्ही सफाईच्या कंत्राटदाराकडे हातमोजे आणि गमबुटांसाठी अर्ज दिला. अर्ज त्या तरुणानं लिहिला. बूट आले. हातमोजे अजून आलेले नाहीत, म्हणून दुसरा अर्ज तयार केला आहे, त्यावर या रविवारी सह्या घ्यायच्या आहेत.